चिऱ्याच्या भिंतीपलीकडचं गाणं

पत्र

स. न. वि. वि. मी डिचोली तालुक्यातला. वय ५१, बँकेत नोकरी. आमच्या वाड्यावरच्या आरती पथकात गेली अठ्ठावीस वर्षं मी शामेळ, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं चामड्याचं वाद्य, वाजवतो. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून ती रात्री तिच्या खोलीत मेटल नावाचं कर्कश इंग्रजी संगीत लावते. घर जुनं, चिऱ्याचं. तिच्या खोलीची आणि माझ्या पलंगाची भिंत एकच. मी ओरडतो, ‘बाय, तो धिंगाणा बंद कर.’ ती दार लावून घेते. हल्ली आमच्यात बोलणं होतं ते एवढंच.

आता खरी गोष्ट सांगतो. त्यातलं एक गाणं मला आवडायला लागलं आहे. परवा बँकेत काउंटरवर पेनने ठेका धरून बसलो होतो, शेजारच्याने विचारलं, ‘ही कुठली आरती?’ मग मोबाईलवर शोधलं. पँटेरा नावाचा अमेरिकन बँड, ‘वॉक’ नावाचं गाणं, १९९२ सालचं, आणि प्रकाराला म्हणे ग्रूव्ह मेटल म्हणतात. हेडफोन लावून ऐकलं तेव्हा डोकं उठलं, तरी लागोपाठ तीनदा ऐकलं. पथकातल्या मित्रांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, तू बदललास, आता केस वाढव.

मला शब्द कळत नाहीत, आरडाओरडा सोसत नाही. मग या गाण्यात आहे तरी काय? आणि दोन वर्षं ओरडून झाल्यावर मुलीला हे कोणत्या तोंडाने सांगू?

– एक शामेळवाला

उत्तर

शामेळवाले बाब,

तुमचं पत्र वाचताना मी ‘भिंत’ या शब्दापाशी थांबलो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या भिंतीत आहे. मी आयुष्यभर जत्रांतल्या नाटकांची ध्वनिव्यवस्था सांभाळली, त्यामुळे भिंतींशी माझी जुनी ओळख आहे. जाड, वजनदार भिंत सगळा आवाज सारखा अडवत नाही. झांजेची किणकिण, तारांची करकर, गळ्याची किंचाळी हे सगळं वरच्या पट्टीतलं. ते चिऱ्यात जिरतं. खर्ज मात्र आरपार येतो. लग्नाच्या हॉलबाहेर स्कूटर लावताना आतलं गाणं कुठलं ते कळत नाही, पण धप् धप् कळतंच, तसं.

म्हणजे दोन वर्षं तुमच्या घराने तुम्हाला हे संगीत सोलून दिलं. फणस कुणीतरी आत फोडायचा, काटे आणि चीक तिकडेच ठेवायचा आणि तुमच्या हातात नुसते गरे द्यायचे, असा प्रकार. हेडफोन लावलात तेव्हा अख्खा फणस मांडीवर पडला, डोकं उठणारच. पण तोवर गऱ्याची चव लागली होती, म्हणून तीनदा ऐकलंत.

पेनने ठेका धरल्याचं तुम्हाला शेजाऱ्याने सांगेपर्यंत कळलं नव्हतं, यातही लाजण्यासारखं काही नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका चालू मैफलीत असा प्रयोग केला: कानाला जवळजवळ न जाणवणारा अतिखर्ज मधूनमधून सुरू करायचा, मधूनमधून बंद करायचा. २०२२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. अतिखर्ज सुरू असताना लोक सुमारे १२ टक्के जास्त हलत होते आणि तो कधी सुरू आहे हे त्यांना ओळखता येत नव्हतं. तुमचंही तेच झालं. गाणं कानाला पटायच्या आधी मनगटाला पटलं.

आता गाण्याकडे वळू. मोबाईल बाजूला ठेवा आणि एवढं करून पाहा. पायाने चार ठोके द्या, झपझप चालणाऱ्या माणसाच्या पावलांइतके. प्रत्येक ठोक्याच्या पोटात बोटांनी तीन-तीन मोजा. पायात चार, बोटांत बारा. पाश्चात्त्य लिपीत याला बारा-अष्टमांश म्हणतात; तुमच्या भाषेत दादऱ्याची दोन आवर्तनं पाठोपाठ. ‘वॉक’ याच हिशेबात बांधलेलं आहे. मेटलमधली बहुतेक गाणी सरळ चारच्या पटीत धावतात, हे तीनच्या अंगाने डुलतं. आयुष्यभर आरत्या वाजवलेल्या हाताला हा झोल अनोळखी कसा वाटेल?

तरी तो दादरा नव्हे. दादरा तुम्हाला झोपाळ्यावर बसवतो. हे गाणं उखळापाशी उभं करतं. लहानपणी घरात पोहे कांडताना पाहिलं असेल. मुसळ खाली येतं तेव्हा आवाज होतो, पण जोर कुठे साठतो? मुसळ वर, हवेत असतं त्या निमिषात. पाहणाऱ्याची मानही तेव्हाच ताणलेली असते, आता येणार, आता येणार. ग्रूव्ह मेटलची सगळी मोहिनी त्या वर गेलेल्या मुसळात आहे, असं माझं ठाम मत आहे. लोक वजनाचं कौतुक करतात, मी फटीचं करतो. दोन घावांच्या मधली फट.

ही फट आली कुठून, ते थोडं सांगितलं पाहिजे. १९८० च्या दशकात मेटलवाल्यांत वेगाची शर्यत लागली होती. स्लेयर या बँडचा १९८६ चा प्रसिद्ध अल्बम घ्या: दहा गाणी, आणि सगळी मिळून अर्धा तासही भरत नाही. मला तो अल्बम आवडतो, पण त्यात मान हलवायला उसंत मिळत नाही. दात-ओठ खाऊन बसावं लागतं. मग १९९० च्या आसपास काही मंडळींनी गाडीचा गिअर खाली टाकला. टेक्ससमधला पँटेरा त्यांतला सर्वांत गाजलेला. त्याच सुमारास न्यू ऑर्लिन्सचा एक्झोर्डरही याच वाटेवर होता, आणि आधी कोण, नंतर कोण यावर जाणकार अजून भांडतात. भांडोत. पँटेराची गंमत अशी की १९८३ ते १९८८ या काळात त्यांनी केस फुगवून, चकचकीत कपडे घालून चार अल्बम केले होते, आणि आज त्यांची आठवण फारसं कुणी काढत नाही. १९९० च्या अल्बमापासून त्यांना स्वतःचा आवाज सापडला, १९९२ च्या अल्बमात तो पक्का झाला, आणि १९९४ चा पुढचा अल्बम तर अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. एवढं कर्कश संगीत तिथवर कसं पोचलं? वेग कमी केल्यामुळे, हे माझं उत्तर. धावणाऱ्याच्या मागून सगळ्यांना धावता येत नाही, चालणाऱ्याबरोबर चालता येतं. गाण्याचं नावही ‘वॉक’च आहे.

२०१४ मध्ये मारिया विटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ड्रमचे नाना नमुने ऐकवून विचारलं होतं, कशावर हलावंसं वाटतं? अगदी सरळ ठेक्यावर कमी, फारच गुंतागुंतीच्या ठेक्यावरही कमी, मधल्यावर सर्वांत जास्त. घाव अपेक्षेच्या जागी पडला नाही तर कान दचकतो, पण पुढचा कुठे पडेल याचा अंदाज राहिला पाहिजे. मुसळ हवेत किती वेळ थांबणार हे ठाऊक असावं, आणि तरी जीव टांगणीला लागावा.

फट निर्माण करणं मात्र सोपं नाही. इथे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तुमच्या शेजारी बसणारा घुमटवाला काय करतो? उजवा हात चामड्यावर, डावा तळवा मडक्याच्या मागच्या उघड्या तोंडावर. तोंड झाकलं की नाद कोंडतो, उघडलं की घुमतो. अर्धी कला त्या डाव्या तळव्यात आहे आणि प्रेक्षक सगळे उजव्या हाताकडे बघतात. गिटारवाले हेच करतात, फक्त हात उलटे. छेडणाऱ्या उजव्या हाताची कड ते ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या पट्टीजवळ, तारांवर हलकेच टेकवून ठेवतात. त्याला पाम म्यूट म्हणतात. तार वाजते पण लांबत नाही, ‘टंऽऽग’ऐवजी ‘ठक्’. मग एखाद्या मोक्याच्या जागी हात उचलायचा की कोंडलेला सगळा नाद बाहेर पडतो.

‘वॉक’च्या मुख्य तुकड्यात स्वर तरी किती आहेत? सर्वांत जाड तार मोकळी सोडलेली, तो तुमचा सा. त्याला लागून पहिल्याच पडद्यावर बोट, म्हणजे कोमल रे. ते बोट स्थिर राहत नाही, तार ओढतं, स्वर पिळवटून वर जाऊ पाहतो. गाण्याचा कणा एवढाच. कुणी शिकाऊ पोरगा चार दिवसांत बोटं बसवू शकेल. पण तो वाजवील तेव्हा तुमचं पेन हलणार नाही. कारण बोटं बसली तरी फट बसायला वर्षं लागतात.

आणि शांतता फुकट मिळत नाही, हे मी स्वतः भोगलेलं आहे. तरुणपणी एका जत्रेत नाटकाला बसलो होतो. नायिकेला पतीच्या मृत्यूची बातमी कळते, ती क्षणभर काहीच बोलत नाही, मांडवात टाचणी पडली तर ऐकू यावी. आणि नेमका माझा ॲम्प्लिफायर, अर्थिंग नीट न दिल्यामुळे, ‘घूंऽऽ’ करत होता. संवाद चालू असताना तो दबून गेला होता. शांततेत एकटाच उरला. नायिकेच्या आधी माझं यंत्र रडलं. नाटकानंतर मला कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

मेटलच्या गिटारला तर हा शाप जन्मजात आहे. तो जो फाटका आवाज असतो, डिस्टॉर्शन, त्यात बारीकसारीक सगळं फुगवलं जातं: बोटाची खसखस, विजेची घरघर, सगळं. हात थांबला तरी यंत्र थांबत नाही. म्हणून नॉइज गेट नावाचा दरवाजा बसवतात. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की दरवाजा बंद, पूर्ण काळोख. पुढचा घाव आला की उघड. पँटेराच्या डायमबॅग डॅरेलची फट इतकी स्वच्छ कापलेली ऐकू येते ती अशी, हात आणि यंत्र दोघांच्या संगनमताने. आणखी एक. त्या काळात बहुतेक नावाजलेले गिटारवादक व्हॉल्व्हच्या ॲम्पची शपथ घ्यायचे, त्यांचा नाद उबदार म्हणून. हा गडी रँडल कंपनीचे ट्रान्झिस्टरवाले ॲम्प वापरायचा. नाद कोरडा, धार कोयत्याची. व्हॉल्व्हवाले अजून नाक मुरडतात.

तुम्हाला हा वाद ओळखीचा वाटत नाही? घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं, बकऱ्याचं आलं. जुने वादक अजून म्हणतात, तो नाद गेला. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला तो बकऱ्याच्या कातड्यासकट, आणि नव्या पोरांनी त्या कातड्यातून नवं काहीतरी काढलंच. कातडं बदललं की बोटं नव्या वाटा शोधतात. फक्त जुन्यांना ते मान्य करायला एक पिढी लागते. (हे मी व्हॉल्व्हवाल्यांबद्दल बोलतोय. पथकातल्या तुमच्या मित्रांबद्दल पुढे बोलेन.)

गिटार आणि ड्रम यांचं नातं हा या संगीतातला मला सर्वांत आवडणारा भाग. ग्रूव्ह मेटलमध्ये गिटार सुरावटीच्या मागे लागत नाही, ती ड्रमच्या पायाशी बांधलेली असते. किक म्हणजे पायाने वाजणारा मोठा ढोल. जिथे किक, तिथेच तारेवर घाव. दोन वाद्यांचं एकच वाद्य होतं. केसाएवढं जरी मागेपुढे झालं तरी मजा गेली. हे कोणाला जमतं? एकाच घरात, एकाच ताटाला बसून वाढलेल्यांना. डायमबॅग डॅरेल आणि पँटेराचा ड्रमवाला व्हिनी पॉल हे सख्खे भाऊ. वडील कंट्री संगीताच्या धंद्यात, त्यांचा स्वतःचा स्टुडिओ, पोरं तिथेच वाढली. ब्राझीलच्या सेपुल्तुरामध्ये मॅक्स कावालेरा गिटारवर, भाऊ इगोर ड्रमवर. व्हर्जिनियाच्या लॅम्ब ऑफ गॉडमध्ये बरीच वर्षं विली ॲडलर गिटारवर, भाऊ ख्रिस ड्रमवर. फ्रान्सचा गोजिरा, ज्याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात वाजवलं, त्यातही जो आणि मारिओ ड्युप्लांतिए हे भाऊच, एक गिटार, दुसरा ड्रम. (नाव गोजिरा असलं तरी गोजिरं काही नाही हो. गॉडझिला या राक्षसाचं ते जपानी नाव आहे.) असे भाऊ इतर संगीतातही सापडतील, पण एकाच प्रकारात इतके सापडावेत याला मी निव्वळ योगायोग मानत नाही. तुमच्या पथकातही बघा, घुमट, शामेळ आणि कासाळं (झांजा) धरणारे बहुतेक चुलत-मावस भाऊ निघतील.

सेपुल्तुराचं नाव घेतलंच आहे तर एक गोवेकर म्हणून सांगायला हवं. सेपुल्तुरा हा पोर्तुगीज शब्द, अर्थ थडगं. आपल्याकडच्या जुन्या पोर्तुगीज शिकलेल्या माणसाला भाषांतराची गरज पडणार नाही. ही पोरं आधी इतरांसारखीच सुसाट वाजवायची. १९९३ च्या अल्बमात त्यांनी लय उतरवली, आणि १९९६ मध्ये तर ब्राझीलच्या शावांते आदिवासींच्या वस्तीत जाऊन त्यांच्याबरोबर वाजवलं, बाहियाच्या कार्लिन्योस ब्राऊनला घेऊन तिथली तालवाद्यं आणली. पोर्तुगीजांची भाषा आपल्याकडेही होती, मातीची ढोलकी आपल्याकडेही आहे. डिस्टॉर्शन आणि घुमट यांचं लग्न इथे कुणीतरी लावून द्यावं, असं मला फार दिवसांपासून वाटतं. गोवा म्हटलं की बाहेरच्यांना हणजुण आणि ट्रान्स आठवतं. त्यात ठेका अखंड चालतो, तो वेगळा नशा. मला फट लागते.

आरडाओरड्याचं काय, असं तुम्ही विचाराल. तुमचा आक्षेप मी पूर्ण खोडत नाही. तो गळा गाण्यासाठी लावलेलाच नाही, तो आणखी एक ढोल आहे. धृपदात तर दोन-चार शब्द फट ठेवून आपटलेले आहेत, आणि ऐकणाऱ्यांनी ते एकसाथ ओरडायचे असतात. शिगम्यात रोमटामेळ निघतो, ढोल-ताशे चाललेले असतात आणि मधेच ‘ओस्सय! ओस्सय!’ अशी आरोळी उठते, तेव्हा कोण राग विचारतो? चालणारी पावलं, ढोल आणि एक आरोळी. पेडण्यापासून काणकोणापर्यंत अंगावर काटा येतो तो एवढ्याच सामग्रीवर.

शब्दांचा अर्थ मात्र तुम्हाला कळायला हवा, कारण त्यात गंमत आहे. बँडला थोडं नाव मिळालं, दौऱ्यावरून घरी परतले, तर जुने मित्र बदललेल्या नजरेने बघू लागले. तुम्ही आता आमचे राहिला नाहीत, असा सूर. त्यावर चिडून हे गाणं लिहिलं गेलं. म्हणजे तुमच्या पथकातले मित्र तुम्हाला जे म्हणाले, नेमकं त्याच्यावर. भाषा कळत नसताना तुम्ही हेच गाणं निवडलंत याचं श्रेय मी योगायोगाला देईन, पण हसू आवरलं नाही.

एक कडू गोष्टही सांगून ठेवतो, मुलीशी बोलताना निघेल म्हणून. डायमबॅग डॅरेलला ८ डिसेंबर २००४ रोजी ओहायोत मंचावर वाजवत असतानाच एकाने गोळ्या घातल्या. तो ३८ वर्षांचा होता. व्हिनी पॉल २०१८ मध्ये गेला. आणि गायक फिल अँसेल्मो याने २०१६ मध्ये डायमबॅगच्याच स्मृतीत झालेल्या कार्यक्रमात नाझी पद्धतीचा हात उंचावला, वंशवादी घोषणा दिली. नंतर माफी मागितली. मी त्याचं गाणं ऐकतो, पण तो प्रकार विसरत नाही. तुमची मुलगी यावर काय म्हणते, ते तिला विचारा. या पोरांनी अशा गोष्टींचा आपल्यापेक्षा जास्त विचार केलेला असतो.

या प्रकारातलं सगळंच ऐकण्यासारखं आहे असंही समजू नका. पँटेरानंतर शेकडो बँडांनी तारा खाली उतरवल्या, ॲम्प फुगवले आणि खर्जात कुटत सुटले. मुसळ वर जायच्या आतच खाली. त्याने भिंत हलते, माणूस हलत नाही.

आता मुलगी. यात मला फारसं लिहायचं नाही, कारण तुम्हीच गुंता वाढवून ठेवला आहे. तोंड कोणतं, असं विचारता. जे आहे तेच. घरात तुम्ही कोंकणीतून बोलत असाल तर कोंकणीतूनच सांगा. जेवताना नको, बायको-आईसमोर नको. तिच्या दारावर टकटक करा आणि सांगा की दोन वर्षं मी भिंतीतून ऐकत होतो, त्यातलं एक मला आवडलं, आणि त्याला धिंगाणा म्हणालो ते चुकलं. शेवटचं वाक्य गिळू नका. बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

त्यानंतर तीन मोह होतील, ते आवरा. पहिला, काळा टी-शर्ट घेण्याचा. दुसरा, तिला लगेच दादरा समजावण्याचा. बारा मात्रांचा हिशेब मी तुम्हाला दिला तो तुमच्यासाठी; लय कळणाऱ्या बापांना शिकवायची खाज असते, आणि पोरांचं आवडतं गाणं त्या खाजेने मरतं. तिसरा मोह सर्वांत वाईट, ‘हे तर आमच्या आरतीत आधीपासून आहे’ असं म्हणण्याचा. नाही, बाब, नाही. माझ्यासारख्या सदरवाल्याने लेखात अशा तुलना कराव्यात, घरात करू नयेत. तिचं गाणं टेक्ससचंच राहू द्या. तुम्ही फक्त विचारा, यातलं पुढचं कुठलं ऐकू? ती कदाचित तुम्हाला सर्वांत कर्कश ते ऐकवील, परीक्षा म्हणून. ऐका. नाही आवडलं तर नाही आवडलं म्हणा. खोटी मान हलवलेली तिला लगेच कळेल, लय तिलाही कळते.

लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर हातापायांत एकाच वेळी निरनिराळे ताल दाखवायचे, ही कीर्ती तुम्ही ऐकलीच असेल. चार अवयवांत चार हिशेब. कधी तिने एखाद्या मेटल ड्रमरचा व्हिडिओ दाखवला, दोन्ही पाय किकवर, दोन्ही हात वर, तर त्याच्या पायांकडे बघा. त्या वेळी खाप्रुमामांचं नाव निघालं तर निघू द्या. मुद्दाम काढू नका.

मित्रांना पटवायच्या भानगडीत पडायचंच असेल तर माझ्याकडे एकच उपाय आहे. त्यांना घरी बोलवा, चहा द्या, तुमच्या पलंगावर ओळीने बसवा. काही सांगू नका. मुलीला पलीकडच्या खोलीत गाणं लावायला सांगा आणि दार बंद करा. मग त्यांच्या गुडघ्यांकडे बघा.

शेवटी तुम्ही विचारलं नाही, पण पत्राच्या पाठीमागे मला ते ऐकू आलं: हे शामेळावर वाजेल का? वाजेल. देवासमोर नको, चवथ झाल्यावर वसरीत बसून करा. काठ्या बारीक घ्या, जाड काठ्यांनी फट बुजते. घाव दिल्यावर काठी लगेच उचलायची सवय असेल तुम्हाला, ती मोडा. काठी कातड्यावर क्षणभर टेकवून धरा म्हणजे नाद तिथेच दबेल. पहिले काही दिवस हात ऐकणार नाही. नाहीच जमलं तर मुलीला विचारा, गिटारवाला हे कसं करतो, आणि कुठल्या हाताने.